ब्रिस्टलची 'विल्स' इमारत: देणगीदाराचं नाव ठेवावं की उतरवावं?

कापडपेठ (धागाकर्ता)

मुलीच्या पदवीदानासाठी गेल्या जुलैत आम्ही दोघं ब्रिस्टलला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहीत नाही, घाबरू नका. एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

तिथे पार्क स्ट्रीट नावाचा खडा चढ आहे. खाली कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा (ते १८३३ साली ब्रिस्टललाच वारले, समाधीही तिथेच), आणि चढाच्या टोकाला भलामोठा दगडी मनोरा. हिचे गुडघे सांभाळत, दर दोन दुकानांमागे थांबत वर पोचलो. मला वाटलं जुनं चर्च असणार. मुलगी म्हणाली, "बाबा, हेच. विल्स मेमोरियल बिल्डिंग. आतल्या ग्रेट हॉलमध्ये कार्यक्रम."

"विल्स म्हणजे?"

"सिगरेटवाले विल्स."

मी भर रस्त्यात हसलो. आमच्या लहानपणी गल्लीत सिगरेटच्या रिकाम्या पाकिटांचा खेळ चालायचा. चारमिनार, पनामाला कोणी विचारत नसे, पण विल्सचं पाकीट हाती लागलं की राजा. टपरीमागच्या गटाराच्या काठावर त्यासाठी मारामाऱ्या केल्यात. त्याच नावाच्या लाकडी छताखाली पन्नास वर्षांनी मुलीचं नाव पुकारलं गेलं. हिच्या डोळ्यांत पाणी, माझ्या डोळ्यांसमोर पाकिटं.

आमच्या पुढच्या रांगेत नायजेरियाचं एक कुटुंब होतं. नातवाचं नाव आलं तशी त्यांच्या आजीने असा काही आवाज काढला की अख्खा हॉल मागे वळून बघायला लागला. बाहेर आल्यावर ती आजी त्या दगडी कमानीला हात लावून उभी राहिली आणि फोटो काढून घेतला.

संध्याकाळी जेवताना मुलीने सांगितलं, की या इमारतीचं नाव बदला म्हणून विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये अर्ज केला होता. कारण विल्सचा पैसा तंबाखूचा, आणि तो तंबाखू अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला. मला सारखी ती आजी आठवत राहिली. तिला हे ठाऊक असतं तर तिने त्या कमानीला हात लावला असता का?

माझं मत सरळ आहे. धर्माची गाय, तिचे दात कसले मोजायचे? विद्यापीठ उभं राहिलं, पोरं शिकली. नाव राहू द्यावं. पण मुलीला ते पटलं नाही आणि आमचं जेवण जरा गारच झालं. तुम्हाला काय वाटतं?

खवचट

गोल्ड फ्लेक कॉलेज कुठे आहे तेही सांगून टाका, पुतण्याला प्रवेश हवाय.

सातासमुद्रापार

मी ब्रिस्टलमध्येच राहते, अकरा वर्षं झाली. काका, तुमची माहिती २०१७ वर थांबली आहे, पुढचं सांगते.

जून २०२० मध्ये इथे एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा लोकांनी दोर बांधून पाडला आणि गडगडत नेऊन बंदराच्या पाण्यात ढकलला. तो गुलामांच्या व्यापारातला बडा माणूस, रॉयल आफ्रिकन कंपनीचा डेप्युटी गव्हर्नर. पुतळा नंतर बाहेर काढला. आता इथल्या म्युझियममध्ये अंगावरच्या रंगासकट आडवा ठेवलाय. उभा केलेला नाही, हे मला फार आवडतं. त्या आठवड्यानंतर शहरात नावांची झाडाझडती सुरू झाली. कोल्स्टन हॉलचं 'ब्रिस्टल बीकन' झालं, आणि विद्यापीठालाही स्वतःच्या भिंतींकडे बघावं लागलं.

त्यांनी लोकांची मतं मागवली. चार हजारांच्या वर लोकांनी ती कळवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्णय आला: विल्स, फ्राय, गोल्डनी वगैरे सात इमारतींची नावं तशीच राहतील. कुलगुरूंनी माफी मागितली, वांशिक विषमतेवरच्या कामासाठी दहा वर्षांत एक कोटी पौंड जाहीर केले, आणि बोधचिन्हातला डॉल्फिन काढून टाकला.

आता गंमत बघा. बोधचिन्हात तीन घराण्यांच्या खुणा होत्या. सूर्य विल्सचा, घोडा फ्रायचा, डॉल्फिन कोल्स्टनचा. कोल्स्टन वारला १७२१ मध्ये आणि विद्यापीठ झालं १९०९ मध्ये. त्याने या विद्यापीठाला एक पेनी दिलेली नाही, देणं शक्यच नव्हतं! म्हणजे ज्याने काही दिलं नाही त्याची खूण गेली आणि ज्यांनी दिलं त्यांची राहिली. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते, "पावती फाडलेली असली की माफ."

जुना बाजार

थोडा हिशेब नीट मांडू या, नाहीतर 'विल्स म्हणजे गुलामांचे व्यापारी' असं पसरेल, आणि ते चूक आहे. २०१७ च्या वादातही नेमकी हीच गल्लत झाली होती.

विल्सचं दुकान ब्रिस्टलमध्ये सुरू झालं १७८६ मध्ये. त्यांनी जहाजं धाडून माणसं विकली नाहीत, मळेही त्यांचे नव्हते. पण पानं यायची अमेरिकेतून, आणि तिथली गुलामगिरी संपली १८६५ मध्ये. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं कच्चा माल गुलामांच्या हातचा. ज्याच्या नावाने इमारत आहे तो तिसरा हेन्री ओव्हरटन विल्स जन्मला १८२८ मध्ये. त्याच्या तरुणपणीचा धंदा त्याच पानांवर चाललेला. त्याने १९०८ च्या जानेवारीत एक लाख पौंड जाहीर केले, अट एकच: दोन वर्षांच्या आत सनद मिळाली पाहिजे. सनद १९०९ मध्येच आली आणि तो पहिला कुलपती झाला. पुढे मुलांनी बापाच्या स्मरणार्थ ही इमारत बांधली. काम १९१५ मध्ये सुरू, मध्ये महायुद्ध, उद्घाटन १९२५ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या हस्ते. कापडपेठ, तुम्हाला ते जुनं चर्च वाटलं यात तुमची चूक नाही. मुद्दाम तसं बांधलंय. वरून गॉथिक दगड आणि आत सळयांचं काँक्रीट. नव्या पैशाला जुनं दिसायची हौस फार.

विद्यापीठ ज्या संपत्तीतून उभं राहिलं तिच्यातली ८५ टक्के गुलामांच्या श्रमाशी जोडलेली होती, असा अंदाज विद्यापीठानेच सांगितलाय. सिगरेटचा मोठा नफा मात्र १८८० नंतरचा, यंत्रं आल्यावरचा. तेव्हा कुठला रुपया कुठल्या काळातला, हे वेगळं काढणं म्हणजे चहातून साखर काढण्यासारखं.

आणि हो, तुमचं पाकीट. विल्स आणि इतर कंपन्यांची १९०१ मध्ये इम्पीरियल टोबॅको झाली, पुढच्या वर्षी अमेरिकनांशी तह होऊन ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, आणि १९१० मध्ये कोलकात्यात इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया. तीच आजची आयटीसी. १९९६ चा विल्स वर्ल्ड कप आठवतो ना? ईडनवर बाटल्या फेकल्या तो.

खवचट

कांबळी रडत बाहेर आला तो. त्या दिवशी आमच्या बाबांनी टीव्ही बंद करून टपरी गाठली आणि विल्सच ओढली असणार.

अर्धा चहा

एक उपकथा. विल्सच्याच देणगीतून तिथे एच. एच. विल्स फिजिक्स लॅबोरेटरी आहे. सेसिल पॉवेलने १९४७ मध्ये पायॉन नावाचा अणूहूनही सूक्ष्म कण शोधला तो तिथे, १९५० चं नोबेल त्यावर. आपल्या टीआयएफआरचे (कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था) एम. जी. के. मेनन पॉवेलच्या हाताखाली तिथेच शिकले, १९५५ मध्ये मुंबईला आले आणि पुढे संस्थेचे संचालक झाले. म्हणजे तंबाखूचा धूर कुलाब्यापर्यंत पोचला म्हणायचा. नाव काढा म्हणणाऱ्यांनी या शोधांचं काय करायचं तेही सांगावं.

सातासमुद्रापार

@अर्धा चहा, शोध कोणी परत मागितलेत? पाटी बदलली म्हणून पायॉन पळून जात नाही.

तिरकी रेघ

मी जेजेत शिकले. इतक्या वेळात कोणी जेजेचं नाव कसं काढलं नाही याचंच आश्चर्य वाटलं.

सर जमशेटजी जीजीभॉय. १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली ती त्यांच्या एक लाख रुपयांवर. हॉस्पिटल त्यांचंच, माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नीच्या पैशातून. आणि हा पैसा आला कुठून? मोठा हिस्सा चीनच्या व्यापारातून, म्हणजे कापूस आणि अफू. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून कँटनला, जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीच्या भागीदारीत. आम्ही पाच वर्षं त्या झाडांखाली स्केचिंग केलं, किपलिंगचा बंगला दहा वेळा काढला, पण एकाही मास्तरांनी 'अफू' हा शब्द उच्चारला नाही. मला तो नोकरीला लागल्यावर एका पुस्तकातून कळला. आता २०२३ पासून जेजे अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा हा धागा आपल्याच दारात येऊन उभा आहे.

नाव बदला असं मी म्हणत नाहीये. मला प्रश्न असा पडतो, की ब्रिस्टलमध्ये भांडण झालं आणि आपल्याकडे कुजबूजही नाही, असं का? मला तरी एकच उत्तर दिसतं. ज्यांच्या पणजोबांच्या पाठीवर वळ उठले त्यांची नातवंडं आज ब्रिस्टलच्या त्या हॉलमध्ये बसतात. कँटनच्या अफूबाजाची नात माझ्या वर्गात नव्हती.

जुना बाजार

@तिरकी रेघ, झकास. तुमचंच पुढे नेतो. राजाबाई टॉवर घ्या. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. पैसा कापसाच्या तेजीतला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि मुंबईचा फुगा फुटला. शेअरबाजार कोसळला, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, घरंच्या घरं देशोधडीला लागली, आणि त्या सट्ट्याचे बादशहा होते प्रेमचंदशेठ. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.

म्हणजे एकाच गुलामगिरीच्या चालण्याने ब्रिस्टलचा मनोरा आणि तिच्या अडण्याने मुंबईचा. बुडालेल्या ठेवीदारांच्या वारसांनी विद्यापीठाच्या दारात धरणं धरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

रोखठोक_८१

हे सगळं गोऱ्यांचं फॅड आहे. आज विल्स, उद्या टाटा-बिर्ला, परवा शिवाजी पार्क. इतिहास पुसून काय मिळतं? रिकामटेकडे उद्योग. नावं बदलून पोरांना नोकऱ्या लागतात का?

उगवतीचा

@रोखठोक_८१, नावाने काय होतं हे मराठवाड्याच्या माणसाला विचारू नका राव.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि त्यानंतर आमच्याकडे वस्त्या जळाल्या. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. रात्री ज्वारीच्या उभ्या पिकात बसून काढली, एवढंच सांगते, त्यापुढे तिला बोलवत नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. एका नावासाठी. 'नामांतर' नाही, 'नामविस्तार', म्हणजे मराठवाडाही राहिलं आणि बाबासाहेबही आले. ज्या माणसाने १९५० मध्ये त्याच गावात मिलिंद कॉलेज काढलं, त्याचं नाव कमानीवर यायला इतकी वर्षं.

तेव्हा 'फॅड' म्हणू नका. तिरकी रेघ यांचं बरोबर आहे. शिकायला कोण आलंय त्यावर पाटीचा प्रश्न उभा राहतो. आमचे लोक विद्यापीठाच्या आत आले तेव्हाच पाटीकडे लक्ष गेलं ना? बाहेर असताना पाटी काय नि भिंत काय.

आणि कापडपेठ काका, राग मानू नका, त्या आजीला माहीत नसेल असं तुम्ही का धरून चाललात?

रोखठोक_८१

तो विषय वेगळा आहे. आईबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तिथे मोठ्या माणसाचं नाव द्यायचं होतं, इथे दान देणाऱ्याचं काढायचंय. दान घ्यायचं, इमारत वापरायची आणि नाव खरडून टाकायचं, याला आमच्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात.

बर्फातला पुणेकर

रोखठोक, वासे मोजावेच लागतात कधीकधी. मी बॉस्टनजवळ असतो. इथल्या टफ्ट्स विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये सॅकलर हे नाव स्वतःच्या भिंतींवरून काढलं. ऑक्सीकॉन्टिन ही व्यसन लावणारी वेदनाशामक गोळी विकणाऱ्या पर्ड्यू फार्माचं मालक घराणं ते. त्या घराण्याकडून आणि कंपनीकडून टफ्ट्सला १९८० पासून सुमारे दीड कोटी डॉलर आलेले. डॉक्टर होणारी पोरं म्हणायला लागली, की व्यसनमुक्तीचं शिकायला रोज याच नावाच्या दारातून आत जायचं कसं? नाव गेलं, पैसा परत नाही केला, त्यावर इथेही टोमणे झाले. ऑक्सफर्डनेही २०२३ मध्ये सॅकलर नाव काढलं.

पण हार्वर्डची गोष्ट निराळी. तिथलं म्युझियम थोरल्या भावाच्या, आर्थर सॅकलरच्या नावाने. तो १९८७ मध्ये गेला, ऑक्सीकॉन्टिन बाजारात आलं १९९६ मध्ये. मुलांनी नाव काढा म्हणून रीतसर अर्ज केला, विद्यापीठाने २०२४ मध्ये नाही म्हटलं. दुसरी बाजू म्हणते, डॉक्टरांना गाठून औषधं खपवायची विद्या त्यानेच तर भावांना शिकवली. मला स्वतःला टफ्ट्सचं पटतं, हार्वर्डचं अर्धंच पटतं. सॅकलरच्या गोळ्यांनी गेलेल्यांचे आईबाप अजून जिवंत आहेत. विल्सच्या पानांवर राबलेले जाऊन दीडशे वर्षं झाली. माझ्या हिशेबात फरक तिथे पडतो.

उगवतीचा

दीडशे वर्षांनी हिशेब मिटतो असं म्हणता? आमच्याकडे दोन हजार वर्षांचा बाकी आहे :)

वखारीतला

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव निपाणी. तंबाखू म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आई वखारीत होती. पान वाळून आलं की कुटायचं, चाळायचं, बोद भरायचे. संध्याकाळी ती दारात आली की आधी आम्हाला शिंका यायच्या, मग ती दिसायची. पदर झटकायची तो अंगणाच्या टोकाला जाऊन, तरी भाकरीला तंबाखूचा वास असायचाच. सुट्टीत मीही जायचो. पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडलो, तर बाकीच्या बाया हसल्या आणि गूळ दिला. १९८१ मध्ये शरद जोशींनी रस्त्यावर बसवलं ते भावासाठी, शेतकऱ्यांना. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायांची लढाई वेगळी, तिच्यावर कोणी पुस्तक काढल्याचं मला माहीत नाही, असेल तर सांगा.

आता मुद्दा. मी ज्या हायस्कुलात शिकलो त्याच्या दारावर एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचं नाव आहे. संगमरवरात, सोनेरी. आई त्यांच्याच वखारीत. माणूस वाईट नव्हता, दिवाळीला बायांना साडी द्यायचा. शाळा बांधली म्हणून मी शिकलो, आज बँकेत आहे. ते नाव काढा असं मी जन्मात म्हणणार नाही. पण दहावीला पहिला आलो तेव्हा त्या दगडाखाली माझा सत्कार झाला, आणि आई फाटकाबाहेर उभी. आत का आली नाहीस विचारलं तर म्हणाली, "अंगाला वास येतोय."

कापडपेठ साहेब, ती नायजेरियाची आजी आत बसली होती आणि ओरडली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिरकी रेघ

यावर काही लिहायला सुचत नाही. तरी लिहा, थांबू नका.

कापडपेठ (धागाकर्ता)

दोन दिवस नेट नव्हतं. सगळं वाचलं. वखारीतला यांचा प्रतिसाद हिला मोठ्याने वाचून दाखवला, मध्येच आवाज बसला.

उगवतीचा, तुमचा प्रश्न लागला, आणि बरोबर लागला. मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तो मुलगा माझ्याच वर्गातला. त्याच्या आजीला सगळं माहीत होतं, तिनेच आम्हाला कमानीखाली उभं केलं, म्हणाली इथेच फोटो काढायचा." म्हणजे माहीत नव्हतं ते मलाच.

गाईच्या दातांचं वाक्य मागे घेतो. नाव काढावं असं अजूनही वाटत नाही, पण आता ते तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही.

रोखठोक_८१

मी माझ्या मतावर आहे. फक्त वखारीतला यांना विचारायचंय: तुमच्या शाळेने काय करावं असं तुम्हाला वाटतं? भांडायला नाही, खरंच विचारतोय.

वखारीतला

शाळेला पन्नास वर्षं होतायत. स्मरणिकेच्या कमिटीवर मी आहे. मी सुचवलं की दगड आहे तिथेच असू द्या, शेजारी दुसरा बसवा आणि त्यावर त्या वखारीत काम केलेल्या बायांची नावं घाला. शेठजींचे नातू कमिटीवर आहेत, तेच पहिल्यांदा हो म्हणाले. अडचण वेगळीच निघाली. त्यांनी माळ्यावरून जुनी हजेरीबुकं काढून आणली. नावं आहेत, पण नुसती. हौसा. अक्काताई. शेवंता १, शेवंता २, शेवंता ३. आडनाव नाही, गाव नाही, पुढे अंगठा. मास्तर म्हणतात, अर्धवट नावं दगडावर बरी दिसत नाहीत.

खवचट

'शेवंता २' असंच कोरा. बिल मला पाठवा.

वखारीतला

माझी आई शेवंता ३.